चाकाचा तोल आणि घरची हत्यारे
(नभोवाणीवरील भाषण)

मोटारसायकल ही वस्तू आपल्या समाजात एके काळी चैनीची समजली जात असे. आज ती शिक्षकाची, टपालवाल्याची, दूधवाल्याची आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचीही सोबतीण झाली आहे. सोबतीण म्हटली म्हणजे तिच्या प्रकृतीची विचारपूस करणे ओघानेच आले. पण आपण विचारपूस करतो ती इंजिनाची. तेल किती, पेट्रोल किती, आवाज कसा येतो, एवढे पाहिले की आपले समाधान होते. जमिनीला टेकलेली अशी गाडीची दोनच अंगे असतात, ती म्हणजे तिची चाके. त्यांच्याकडे आपले लक्ष जाते ते पंक्चर झाल्यावर. आज मी या दोन चाकांच्या तोलाविषयी आणि तो तोल घरच्या घरी साधावयाचा झाला तर कोणती हत्यारे घ्यावीत व कोणती घेऊ नयेत, याविषयी बोलणार आहे. मी कारागीर नाही. शाळेत मुलांना पदार्थविज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या मागे राहिलेली, एकोणीस इंची पुढच्या चाकाची जुनी बुलेट सांभाळतो. तेव्हा जे सांगेन ते हात काळे करून शिकलेले आहे, एवढीच त्याची योग्यता.

2021 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पुढच्या चाकाला नवे टायर घालून मी मुलीला मागे बसवून बेळगावहून गोव्याला निघालो होतो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट आणि खाली साखळी, असा तो रस्ता. गाडी पासष्टाच्या आसपास गेली की हँडल थरथरू लागे आणि पन्नासाखाली आली की शांत होई. प्रथम मी रस्त्याला दोष दिला, कारण रस्ता उलट बोलत नाही. परंतु सपाट, नव्या डांबरावरही तोच प्रकार. मुलीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, “पप्पा, तुमचे हात का कापताहेत?” हात माझे कापत नव्हते, गाडीचे कापत होते, पण घाटाच्या तोंडाशी असा प्रश्न ऐकला की माणसाच्या पोटात गोळा येतो. उरलेला रस्ता मी चाळिशीने काटला.

ही थरथर येते कोठून? चाकाच्या कडेवर एखाद्या ठिकाणी चार गुंजा वजन अधिक असले, तर उभ्या गाडीत ते कोणाला जाणवणारही नाही. चाक फिरू लागले म्हणजे मात्र ते वजन आसापासून बाहेर पळू पाहते. आपण दोरीला दगड बांधून गरगर फिरवतो तेव्हा हाताला ओढ लागते, तसेच हे आहे. या ओढीचा नियम असा की वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. माझ्या चाकाचाच हिशेब सांगतो. कड आसापासून सुमारे 24 सेंटिमीटर दूर आहे. तेथे 20 ग्रॅम वजन जास्त असले, तर ताशी 40 किलोमीटर वेगाला ते अर्ध्या किलोच्या थोडे वर जोराने ओढते, आणि 80 किलोमीटरला तीच ओढ सव्वादोन किलोंवर जाते. शिवाय ही ओढ एका दिशेने लागत नाही. 80 च्या वेगाला चाक सेकंदाला अकरा फेऱ्यांच्या आसपास फिरते. म्हणजे सेकंदातून अकरा वेळा कोणीतरी चाक वर उचलते आणि अकरा वेळा खाली आपटते. पुढचा चिमटा, त्याच्या स्प्रिंगा, हँडल यांची स्वतःची जी झुलण्याची लय असते, तिच्याशी ही लय जुळली की थरथर एकदम वाढते. पासष्टाला कंप आणि पन्नासाला शांतता, याचे मर्म हेच.

पण तोल बिघडला असा निदानाचा शिक्का मारण्यापूर्वी इतर आरोपींची चौकशी केली पाहिजे. चाकात हवा कमी असणे, आरे सैल होणे, चाकात आउट येणे, हँडलच्या मानेतील बेअरिंग झिजणे, टायर एका अंगाने खाल्ले जाणे, यांतील कोणत्याही कारणाने गाडी हलते, आणि ती कारणे वजने चिकटवून जात नाहीत. आमच्याकडे आणखी एक कारण आहे. पावसात घाटातून आल्यावर तांबडी माती कडेच्या आतल्या अंगाला बसते आणि उन्हात वाळून विटेसारखी घट्ट होते. एकदा मी ती खरवडून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलली होती. मंडळींचा रोष पत्करावा लागला, पण वजन 30 ग्रॅम भरले. तेव्हा पहिले हत्यार म्हणजे बादलीभर पाणी आणि ब्रश. दुसरे, हवेचा दाब दाखवणारे चांगले मापक. या दोहोंनी काम भागले तर माझे पुढचे भाषण ऐकण्याचेही कारण उरत नाही.

आउट आहे की नाही हे पाहावयास मोठे यंत्र लागत नाही. आपला सायकलवाला चाक फिरवून कडेजवळ खडू धरतो, तीच युक्ती पुरे. चिमट्याला एक तार बांधावी, तिचे टोक कडेच्या अगदी जवळ आणावे आणि चाक सावकाश फिरवावे. टोक व कड यांतील फट कोठे कमी, कोठे जास्त होते ते दिसते. पुष्कळ मोटारसायकलींच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही तफावत 2 मिलिमीटरपर्यंत चालते असे दिलेले असते. त्याहून अधिक असेल तर आधी आउट काढून घ्यावा. वाकड्या चाकाचा तोल साधणे म्हणजे लंगड्याला उंच टाचेचा बूट घालणे होय; उभा राहील, पण चालणार कसा?

आता मुख्य हत्याराकडे येतो. मोटारगाडीची चाके रुंद असतात, म्हणून त्यांचा तोल दोन्ही कडांवर वेगवेगळा पाहावा लागतो आणि त्यासाठी चाक वेगाने फिरवणारे विजेचे यंत्र लागते. मोटारसायकलचे चाक त्या मानाने अरुंद. त्याची जड बाजू कोणती एवढे ठाऊक झाले की बहुतेक वेळा काम होते; आणि जड बाजू ओळखण्याचे काम पृथ्वी फुकट करून देते. चाक मोकळे लटकवा, जड बाजू खाली येऊन थांबेल. इतके सोपे आहे. अडचण सारी ‘मोकळे’ या शब्दात आहे.

माझा पहिला प्रयोग दोन खुर्च्यांचा होता. चाकाचा स्वतःचाच आस दोन खुर्च्यांच्या पाठींवर टेकवला आणि चाक फिरवले. थांबले तेथे खडूने खूण केली. पुन्हा फिरवले, तर खूण वर! तिसऱ्यांदा ती बाजूला. तीन वेळा तीन उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात बाकावर उभे केले असते, पण येथे दोष विद्यार्थ्याचा नसून परीक्षकाचा होता. चाकाच्या तुंब्यातील बेअरिंगांत घट्ट ग्रीस असते आणि धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी कड्या बसवलेल्या असतात. गाडीला ते आवश्यकच आहे. पण दहा-वीस ग्रॅमांची ओढ त्या ग्रिसाला हलवू शकत नाही, आणि चाक आपल्याला वाटेल तेथे थांबते. म्हणून तोल पाहताना चाकाची बेअरिंगे फिरताच कामा नयेत. तुंब्यातून एक सरळ दांडा घालावा, दोन्ही बाजूंनी निमुळते शंकू बेअरिंगच्या आतल्या कडीत दाबून स्क्रूने कसावेत, आणि दांड्यासकट सारे चाक बाहेरच्या हलक्या बेअरिंगांवर फिरावे, अशी रचना हवी. बाजारात तोलाचा घोडा म्हणून जो मिळतो तो असाच असतो.

या घोड्याच्या दोन जाती आहेत. एकीत दांडा प्रत्येक बाजूच्या बेअरिंगच्या भोकात जातो. दुसरीत प्रत्येक बाजूला दोन बेअरिंगे शेजारी शेजारी बसवलेली असतात आणि दांडा त्यांच्या मधल्या खाचेत नुसता टेकतो. घ्यावयाचा तर दुसरा. पदार्थविज्ञानाच्या जुन्या शिक्षकांना ॲटवुडचे यंत्र आठवत असेल. केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुड यांनी 1784 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वर्णिलेल्या त्या यंत्राची कप्पी अशाच चार लहान चाकांच्या खाचांत टेकवलेली होती, आणि हेतू एकच, घर्षण कमी करावे. बारा मिलिमीटर जाडीचा दांडा बावीस मिलिमीटर व्यासाच्या बेअरिंगवर टेकला, तर चाकाचा एक फेरा होईपर्यंत बेअरिंगचा अर्ध्याच्या किंचित वर फेरा होतो. त्यामुळे आतले घर्षण चाकाला अर्ध्याच बळाने अडवते. मुलांच्या स्केट्सना असतात ती 608 क्रमांकाची बेअरिंगे नेमकी बावीस मिलिमीटरची असून स्वस्त मिळतात. मात्र रबरी झाकणाची घेऊ नयेत. पत्र्याच्या झाकणाची घ्यावीत, रॉकेलने धुऊन आतले ग्रीस काढावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. नवे बेअरिंग धुवायचे म्हणजे पुष्कळांच्या जिवावर येते. पण हे बेअरिंग गाडीचा भार वाहणार नाही, ते फक्त साक्ष देणार आहे. साक्षीदार मोकळ्या मनाचा असावा.

काही जण दोन सुऱ्यांच्या धारेसारख्या लोखंडी पट्ट्यांवर दांडा ठेवतात. घर्षणाच्या दृष्टीने ते उत्तमच, पण पट्ट्या अगदी समपातळीत नसल्या तर चाक उताराकडे चालू लागते आणि तुम्हांला वाटते जड बाजू सापडली. खाचेच्या घोड्याला एवढे सोवळे नाही. गवंड्याची पाणसळ दांड्यावर ठेवून बुडबुडा साधारण मध्ये आला की पुरे.

घोड्याचे लोखंड जाड आहे की पातळ, रंग काळा आहे की तांबडा, याला मी फारसे महत्त्व देत नाही. महत्त्व दांडा आणि शंकू यांना. मी विकत आणलेल्या पहिल्या घोड्याचा रंग इतका सुरेख होता की मी दांडा तपासलाच नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे वजने लावली आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक थरथरू लागली. दोन रविवार मी स्वतःच्या गणिताला दोष देत बसलो. मग एका संध्याकाळी शंकू सैल केले, दांडा होता तसाच ठेवला, चाक त्याच्यावर अर्धा फेरा फिरवले आणि शंकू पुन्हा कसले. खडूची खूण चाकावर होती. चाकाचीच बाजू जड असती तर तीच खूण खाली यायला हवी होती. खाली आली ती समोरची बाजू. म्हणजे जडपणा चाकाचा नव्हताच. शंकूंची भोके मध्यावर नव्हती आणि चाक दांड्यावर एका अंगाला बसत होते.

ही चूक दिसायला किती लहान असते पाहा. टायरसकट चाक दहा किलोंचे धरले आणि ते मध्यापासून अवघे अर्धा मिलिमीटर सरकून बसले, तर 24 सेंटिमीटर अंतरावर वीस ग्रॅमांहून थोडे जास्त खोटे वजन दिसू लागते. दुकानातील विजेच्या यंत्राचेही असेच होते. यंत्र हजारांचे असो वा लाखांचे, चाक त्यावर मध्यभागी धरणारा तुकडा ढिला असेल तर पडद्यावर दिसणारा आकडा शुद्ध थाप असतो. नवे टायर घालताना मी ज्या दुकानात पैसे मोजून तोल करून घेतला होता, तेथेही बहुधा हेच घडले असावे. म्हणून घोडा घेताना दुकानदाराकडे तीन गोष्टींची परवानगी मागा. दांडा काचेच्या पेटीवर लोळवून पाहा. काच आणि दांडा यांमधून उजेड लुकलुकला तर तो वाकडा आहे. शंकू दांड्यावर चढवून हलवून पाहा. खुळखुळ वाजता उपयोगी नाहीत. आणि मी सांगितली ती अर्ध्या फेऱ्याची परीक्षा घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी करा, म्हणजे वस्तू परत करण्याची मुदत तरी हातात राहील.

माझा प्रश्न उद्यमबागेत सुटला. बेळगावच्या या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे आणि लेथकामाचे अनेक कारखाने आहेत, आणि आमच्या शाळेतून गेलेली कितीतरी मुले तेथे कामाला आहेत. त्यांतल्या एकाला, जो वर्गात घर्षणाच्या धड्याला हमखास झोपत असे, मी दांडा दाखवला. त्याने तो बोटांवर फिरवला आणि म्हणाला, “सर, हा फेकून द्या.” दुसऱ्या दिवशी त्याने घासून गुळगुळीत केलेल्या सळईचा दांडा आणि एकाच बैठकीत कातलेले दोन शंकू माझ्या हातात ठेवले. एकाच बैठकीत, म्हणजे काम लेथच्या पकडीतून न सोडता भोक आणि उतार दोन्ही कातले. त्यामुळे दोहोंचा मध्य एकच राहतो. हे वाक्य कारागिराला आवर्जून सांगावे. ज्यांच्या गावात असा शिष्य नाही त्यांनी मोडीत निघालेल्या मोठ्या प्रिंटरमधील सळई शोधावी. तिच्यावर शाईची डबी धावत असते, म्हणून ती मुळातच सरळ आणि गुळगुळीत असते.

घोडा खरा आहे की नाही हे शेवटी पाच ग्रॅमांवर ठरते. तोल साधलेल्या चाकाच्या कडेला, घड्याळातील तीनच्या जागी, पाच ग्रॅमांचा तुकडा चिकटवा. चाक आपोआप हलून तो तुकडा खाली आला, तर घोडा विश्वासाचा. हलले नाही तर बेअरिंगे पुन्हा धुवा.

वजनांविषयी थोडेसे. आऱ्यांच्या चाकाला आऱ्याच्या बुडाशी बसणारी वजने मिळतात, आणि सपाट कडेच्या चाकाला पाच व दहा ग्रॅमांच्या चिकटपट्ट्या. चिकटपट्टी लावण्यापूर्वी कड स्पिरिटने पुसलीच पाहिजे, नाहीतर साखळीच्या तेलाचा अंश राहतो आणि पट्टी पहिल्याच पावसात गळते. ब्रेकच्या तबकडीवर काहीही चिकटवू नये. शिशाची वजने जुन्या दुकानांतून अजून दिसतात; युरोपीय संघाने 2005 मध्ये मोटारगाड्यांच्या चाकांवरून शिसे हद्दपार केले, आणि घरात मुले असतील तर आपणही लोखंडाची किंवा जस्ताची घेतलेली बरी. नेमके हवे तेवढे वजन नसेल तर निराश होऊ नये. दहा-दहा ग्रॅमांची दोन वजने एकत्र लावली तर वीस होतात. ती कडेवरून एकमेकांपासून दूर सरकवत नेली तर परिणाम कमी कमी होतो, आणि दोघांत 120 अंशांचा कोन झाला की दोन्ही मिळून एका दहाच्या वजनाएवढे काम करतात. बलांचा समांतरभुज चौकोन मी वीस वर्षे फळ्यावर काढत आलो. तो चाकावर बसलेला पाहिला तेव्हा मलाच नव्याने समजला.

कामाची रीत आता थोडक्यात. टायरच्या बाजूवर पिवळा किंवा तांबडा ठिपका असेल तर पुष्कळदा ती टायरची हलकी जागा असते. ती व्हॉल्व्हपाशी आणून टायर बसवावे, कारण व्हॉल्व्ह जड असतो. टायरच्या कडेलगतची उठावाची रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना, पाहावे. ड्रमचे ब्रेक असतील तर ब्रेकची ताटली चाकाबरोबर फिरत नाही, म्हणून ती बाहेर ठेवावी. चाक घोड्यावर हलकेच फिरवावे, थांबले की खालच्या जागी खूण करावी. तीन वेळा खूण एकाच जागी आली म्हणजे ती जड बाजू. तिच्या समोर वजन कागदी चिकटपट्टीने तात्पुरते लावावे, आणि चाक कोणत्याही स्थितीत सोडले तरी तेथेच राहीपर्यंत कमीजास्त करावे. पन्नास-साठ ग्रॅमांहून अधिक लागू लागले तर वजने लावत बसू नये. टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा मोजावे.

पैसे मोजकेच असतील तर सर्वांत आधी काय घ्यावे, असे मला कोणी विचारले, तर मी घोडा सांगणार नाही. नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, ज्याला टॉर्क पाना म्हणतात, तो सांगेन. तोल चुकला तर हँडल थरथरते. चाक परत बसवताना आसाचा नट चुकला तर पुढे काय होईल ते सांगावयास नको. पुस्तिकेत जेवढा आकडा असेल तेवढाच आवळावा, आणि तबकडीचे ब्रेक असतील तर निघण्यापूर्वी ब्रेकची दांडी चार-पाच वेळा दाबून ती घट्ट लागते ना, हे पाहावे. चाक काढताना आतल्या गोट्या मागे ढकलल्या गेलेल्या असतात, आणि पहिली दाब रिकामी जाते.

स्कूटरवाल्यांसाठीही दोन शब्द. पुष्कळ स्कूटरींचे मागचे चाक गिअरपेटीच्या दातेरी दांड्यावर बसते. त्याच्या तुंब्यात बेअरिंग नसते, म्हणून हे शंकू त्याला धरीत नाहीत आणि आमचा घोडा तेथे निरुपयोगी. पुढचे चाक मात्र बहुधा आसावरचे असते, आणि लहान असल्यामुळे त्याच वेगाला जास्त फेऱ्या मारते.

माझी मुलगी आता स्वतःच्या स्कूटरवरून नोकरीला जाते. मागच्या महिन्यात तिने नवे टायर घातले आणि आल्या आल्या पुढचे चाक काढून घोड्यावर चढवले. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती खडू हातात धरून, श्वास रोखून चाक थांबण्याची वाट पाहत होती. तिच्या चाकाला पंधरा ग्रॅम लागले. त्यापूर्वी तिने शंकू सोडून अर्ध्या फेऱ्याची परीक्षा मात्र दोन वेळा घेतली. बाबांच्या दांड्यावर तिचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.